सहा शिलिंगांचा हंगाम

ऑगस्ट महिना लागला की आमच्या शिक्षकदालनात एका प्रश्नाची चर्चा हमखास सुरू होते : २९ तारखेला भाषण कोणी करावयाचे? हॉकीचे थोर खेळाडू ध्यानचंद यांचा जन्म २९ ऑगस्ट १९०५ चा. तो दिवस आपल्या देशात राष्ट्रीय क्रीडा दिन म्हणून पाळला जातो. गतवर्षी हे काम माझ्या वाट्याला आले, आणि त्याला कारणही तसेच होते. आमचे व्यायामशिक्षक निवृत्त झाल्यामुळे शाळेचा कबड्डीसंघ तात्पुरता माझ्या हवाली करण्यात आला होता. मी इतिहास आणि मराठी शिकविणारा मनुष्य. बी.ए. होईपर्यंत माझा व्यायाम म्हणजे वाचनालयातील शिडीवर चढणे आणि पुस्तक हाती घेऊन खाली उतरणे, एवढाच होता. अशा माणसाच्या हाती शिटी दिली म्हणजे तो काय करणार? तो खेळ शिकवू शकत नाही. म्हणून तो नियम शिकवू लागतो.

मीही तेच केले. वही घातली, तीत संघातील बारा मुलांची नावे सुवाच्य अक्षरांत लिहिली, आणि हजेरी सुरू केली. शनिवारी आमची शाळा सकाळची असते. दुपार मोकळी म्हणून दोन ते पाच सराव ठरविला. लागोपाठ तीन शनिवार जो गैरहजर राहील त्याचे नाव संघातून कमी होईल, असा नियमही फळ्यावर लिहिला. नियम लिहून झाल्यावर मला जे समाधान वाटले ते खऱ्या व्यायामशिक्षकाला सामना जिंकल्यावरही वाटत नसेल!

हा नियम पहिल्याच महिन्यात एका मुलाच्या अंगावर आला. तो नववीत होता आणि उजवा कोपरा सांभाळीत असे. कबड्डीचे मला जे थोडे कळते त्यावरून सांगतो, त्याची पकड पाहण्यासारखी होती. प्रतिपक्षाचा गडी चढाईवर आला की हा पोरगा निश्चल उभा राही आणि नेमक्या क्षणी घोट्याला असा हात घाली की गडी जागच्या जागी खिळून जावा. परंतु शनिवारी दुपारी तो येत नसे. आठवड्यातील इतर दिवशी शाळा सुटल्यावर येई, मन लावून खेळे. शनिवारी मात्र बेपत्ता. तिसऱ्या शनिवारनंतर मी त्याला सर्व संघासमोर उभे केले.

“खेळाडू घड्याळाकडे पाहून खेळत नसतो,” मी म्हणालो. “ज्याला आपल्या तीन तासांचा हिशेब ठेवावयाचा असेल त्याने दुकान थाटावे, मैदानावर येऊ नये. खेळ ही साधना आहे!”

वाक्य मला फार आवडले होते. म्हणून ते मी दोनदा उच्चारले. मुलगा खाली मान घालून उभा राहिला. काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर संघाची बनियन ठेवलेली आढळली. स्वच्छ धुतलेली आणि चौकोनी घडी घातलेली. तालुका स्पर्धेत आम्ही दुसऱ्याच फेरीत हरलो. उजव्या कोपऱ्यातून गडी निसटत राहिले. तथापि शिस्तीचा विजय झाला, असे मी स्वतःस बजावले आणि त्या रात्री मला झोपही चांगली लागली.

यानंतर भाषणाची तयारी आली. ध्यानचंदांविषयी दरवर्षी तेच ते बोलले जाते. आपण काही निराळे सांगावे, अशी मला हाव सुटली. २९ ऑगस्ट या तारखेला जगात आणखी काय काय घडले आहे, याचा शोध मी घेऊ लागलो. इतिहासाच्या शिक्षकाला तारखांचा नाद असतोच. त्या शोधात मला इंग्लंडमधील हडर्सफील्ड गावच्या ‘जॉर्ज हॉटेल’चा पत्ता लागला. ध्यानचंदांच्या जन्मापूर्वी बरोबर दहा वर्षे, २९ ऑगस्ट १८९५ रोजी, त्या हॉटेलात वीस-एकवीस रग्बी क्लबांचे प्रतिनिधी जमले होते, आणि त्यांचे भांडण होते ते सहा शिलिंगांवरून.

विद्यार्थी मित्रहो, रग्बी हा खेळ आपल्याकडे फारसा कोणी पाहिलेला नसतो. चेंडू वाटोळा नसून अंड्याच्या आकाराचा असतो. तो हातात घेऊन धावावयाचे आणि प्रतिपक्षाच्या शेवटच्या रेषेपलीकडे नेऊन टेकवावयाचा. प्रतिपक्षाने धावणाऱ्याला अंगाला मिठी घालून खाली पाडावयाचे. आमच्या कबड्डीतील पकड आणि ही मिठी यांचे नाते सख्ख्या बहिणींचे नसले तरी मावसबहिणींचे खास आहे. इंग्लंडमधील रग्बी नावाच्या शाळेवरून खेळाला नाव मिळाले, आणि १८७१ साली लंडनमध्ये त्याची मध्यवर्ती संघटना, रग्बी फुटबॉल युनियन, स्थापन झाली. तिचे चालक बहुधा मोठ्या शाळांतून आणि विद्यापीठांतून बाहेर पडलेले सुखवस्तू गृहस्थ होते.

परंतु खेळाला कुंपण घालता येत नाही. उत्तरेकडील यॉर्कशायर आणि लँकेशायर या परगण्यांत कापडाच्या गिरण्या, कोळशाच्या खाणी आणि गोद्या यांची दाटी होती. तेथील कामगारांनी रग्बी आपलीशी केली. १८५० च्या कायद्याने कापड गिरण्यांतील स्त्रिया व मुले यांचे काम शनिवारी दुपारी दोन वाजता थांबू लागले होते. हळूहळू पुरुष कामगारांनाही शनिवारची ती अर्धी सुटी मिळू लागली. शनिवारची दुपार ही कष्टकऱ्यांची खेळाची वेळ झाली. सामना आपल्याच गावी असेल तर ठीक होते. परगावी असेल तर मात्र सकाळीच आगगाडी गाठावी लागे. म्हणजे सकाळची पाळी बुडे आणि तिची मजुरीही बुडे. शिवाय सामन्यात हातपाय दुखावला तर पुढच्या आठवड्याची चूल विझण्याची वेळ येई. वकिलाच्या मुलाला शनिवारी खेळल्याने काही तोटा होत नसे. खाणकामगाराला मात्र प्रत्येक सामन्याचे मोल घरच्या भाकरीतून चुकवावे लागे.

म्हणून उत्तरेतील क्लबांनी मागणी केली की खेळण्यासाठी वेतन नको, परंतु खेळापायी जी मजुरी प्रत्यक्ष बुडेल तेवढी भरून देण्यास परवानगी असावी. युनियनच्या चालकांना या मागणीत अधःपात दिसला. १८८५ साली साध्या फुटबॉलमध्ये धंदेवाईक खेळाडूंना मान्यता मिळाली होती आणि तो खेळ भराभर कामगारांच्या क्लबांकडे चालला होता. तशी गत आपली होऊ नये म्हणून १८८६ साली रग्बी युनियनने पैशाविरुद्ध कडक नियम केले. १८८८ साली इंग्रज खेळाडूंचा एक संघ ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या दौऱ्यावर निघाला, तेव्हा हॅलिफॅक्सच्या क्लोज नावाच्या खेळाडूने प्रवासासाठी कपडेलत्ते घेण्यापुरते १५ पौंड स्वीकारले होते. एवढ्यावरून त्याला धंदेवाईक ठरविण्यात आले. तो जहाजात बसून पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला गेला खरा, परंतु खेळला नाही.

येथे एक गोष्ट आपल्या देशाशी संबंधित आहे, ती सांगितल्यावाचून राहवत नाही. कलकत्त्यात इंग्रज लोकांचा एक रग्बी क्लब होता. तो मोडीत निघाला तेव्हा क्लबने बँकेतील शिल्लक काढली. चांदीचे २७० रुपये हाती आले. ते वितळवून एक चषक घडविण्यात आला आणि १८७८ साली रग्बी युनियनला भेट देण्यात आला. इंग्लंड आणि स्कॉटलंड त्या ‘कलकत्ता चषका’साठी आजही खेळतात. आपल्या देशातील रुपये वितळून चषक झाले तर खेळ बाटत नव्हता. खाणकामगाराच्या खिशात सहा शिलिंग पडले तर मात्र बाटत होता!

१८९३ च्या सप्टेंबरात लंडन येथे युनियनची सभा भरली. यॉर्कशायरच्या प्रतिनिधींनी बुडालेल्या मजुरीच्या भरपाईचा ठराव मांडला. ठरावाच्या बाजूने १३६ मते पडली आणि विरुद्ध २८२. मागणी फेटाळली गेली.

या भरपाईच्या सर्वांत कडव्या विरोधकांपैकी एक होते रेव्हरंड फ्रँक मार्शल. हडर्सफील्डजवळच्या आमंडबरी गावातील शाळेचे ते मुख्याध्यापक. रग्बीवर त्यांनी एक मोठा ग्रंथ सिद्ध केला होता. खेळावर त्यांचे प्रेम होते याविषयी शंका नाही. आणि त्या प्रेमापोटीच कोणत्या क्लबाने कोणाला पैसे दिले याचा छडा लावून ते क्लबांना शिक्षा घडवीत असत. हे वाचताना मी थबकलो. शाळामास्तर, हाती वही, मुखी खेळाच्या पावित्र्याची भाषा! हा मनुष्य मला ओळखीचा वाटू लागला. थोडा अस्वस्थ होऊन मी पुढचे पान उलटले.

पुढे १८९५ साल उजाडले. युनियनने आपले नियम अधिकच आवळण्याचा विचार चालविला होता. २९ ऑगस्टला जॉर्ज हॉटेलात जमलेल्या क्लबांनी अखेर युनियनमधून बाहेर पडण्याचा ठराव केला आणि ‘नॉर्दर्न रग्बी फुटबॉल युनियन’ या नावाने आपली स्वतंत्र संघटना उभी केली. काही दिवसांतच तीत २२ क्लब झाले. आज ज्याला ‘रग्बी लीग’ म्हणतात त्या खेळाचे हे मूळ. कामावरील एक दिवस बुडाल्यास जास्तीत जास्त ६ शिलिंग भरपाई द्यावी, असे ठरले. ही रक्कम म्हणजे काही खजिना नव्हता. साधारणतः चांगल्या कामगाराची एका दिवसाची मजुरी तेवढीच असे. खेळून कोणी श्रीमंत व्हावे हा हेतूच नव्हता. खेळल्याबद्दल कोणाला दंड बसू नये, एवढाच होता.

सभेनंतर अवघ्या नऊ दिवसांनी, ७ सप्टेंबर १८९५ रोजी, पहिले सामने झाले. त्या हंगामात प्रत्येक क्लबाने इतर २१ क्लबांशी दोन दोन वेळा, एकदा आपल्या मैदानावर आणि एकदा त्यांच्या, खेळावयाचे होते. म्हणजे प्रत्येकाचे ४२ सामने, एकंदर ४६२! सप्टेंबरात सुरू झालेला हंगाम एप्रिलपर्यंत चालला. मध्ये उत्तर इंग्लंडचा हिवाळा. ज्यांनी आठवडाभर मागावर, खाणीत किंवा गोदीत अंग मोडून काम केलेले असे, तेच लोक शनिवारी चिखलात एकमेकांना पाडीत होते आणि सोमवारी पुन्हा भोंगा वाजण्यापूर्वी कामावर हजर होत होते. नव्या संघटनेत खेळणाऱ्याला जुन्या युनियनचे दार बंद झाले होते, आणि तो निर्णय जन्मभराचा होता. आपण परतीची वाट मोडून पुढे आलो आहोत, हे त्यांना ठाऊक होते.

हंगामाच्या अखेरीस दोन क्लब आघाडीवर राहिले : हॅलिफॅक्स आणि मॅनिंगहॅम. मॅनिंगहॅम ही ब्रॅडफर्ड शहरातील गिरणी कामगारांची वस्ती. तेथील रेशीम व मखमलीच्या प्रचंड गिरणीत मजुरी कापली गेल्यामुळे डिसेंबर १८९० मध्ये संप झाला होता. तो एप्रिल १८९१ पर्यंत चालला आणि शेवटी उपासमारीपुढे मोडला. त्या पराभवातून कामगारांची राजकीय जागृती झाली आणि १८९३ च्या जानेवारीत ब्रॅडफर्डमध्येच ‘इंडिपेंडंट लेबर पार्टी’ या पक्षाची स्थापना झाली. मजुरीचा प्रश्न म्हणजे काय, हे त्या वस्तीला पुस्तकातून शिकावयाचे नव्हते.

मॅनिंगहॅमचा अखेरचा सामना हन्स्लेट या क्लबाशी, त्यांच्याच मैदानावर होता. जिंकण्यावाचून गत्यंतर नव्हते. चेंडू जमिनीवर टेकवून, तो उसळताच लाथेने गोलखांबांच्या मधून उडविणे, याला रग्बीत ‘ड्रॉप गोल’ म्हणतात; त्या काळी त्याचे चार गुण मिळत. मॅनिंगहॅमने असा एकच गोल केला आणि सामना ४–० असा जिंकला. ४२ सामन्यांपैकी ३३ विजय आणि ९ पराभव. विजयाचे दोन गुण या हिशेबाने ६६ गुण झाले. हॅलिफॅक्सचे ६५. आठ महिन्यांच्या खटाटोपाचा निवाडा एका गुणाने झाला आणि मॅनिंगहॅम पहिले विजेते ठरले.

ही कथा येथे संपली असती तर भाषणाला फार सोयीची झाली असती. परंतु इतिहास वक्त्यांच्या सोयीने चालत नाही. विजेत्या मॅनिंगहॅमला पुढे पैशाची चणचण भासू लागली आणि १९०३ साली त्या क्लबाने रग्बी सोडून साधा फुटबॉल धरला. ‘ब्रॅडफर्ड सिटी’ हा फुटबॉल क्लब म्हणजे तोच. लिव्हर्सेज, टिल्डस्ली, ब्रिगहाउस या लहान गावांचे क्लब काही वर्षांत नामशेष झाले. पैसा आला की मोठे क्लब लहानांना गिळतील, असे विरोधक म्हणत. त्यात तथ्य नव्हते असे म्हणता येणार नाही. विशेष म्हणजे ज्यांनी बंड केले त्यांच्याही मनातून कामगाराविषयीचा संशय गेला नव्हता. १८९८ साली नॉर्दर्न युनियनने खेळाडूंना उघड वेतन देण्याची मुभा दिली, परंतु एक अट घातली : खेळाडूला खेळाखेरीज दुसरे योग्य काम असलेच पाहिजे. कोणते काम योग्य याची चौकशी समित्या करीत, आणि मद्यगृहातील वाढप्याचे काम तीत बसत नसे. ज्याची नोकरी सुटली त्याचा खेळही अडे. ही अट रद्द व्हावयास १९०५ साल यावे लागले. नियम करणाऱ्याच्या हाती वही आली की तो पुन्हा हजेरी घेऊ लागतो, हेच खरे.

तरीही ते झाड जगले. १९०६ साली एका संघातील खेळाडूंची संख्या १५ वरून १३ झाली. नियम बदलत गेले आणि हा एक निराळाच खेळ बनला. विगन, सेंट हेलेन्स, लीड्स, हल, वॉरिंग्टन, हडर्सफील्ड या त्या पहिल्या हंगामातील गावांत तो आजही खेळला जातो. आणि ज्या रग्बी युनियनच्या खेळाने सहा शिलिंगांसाठी आपल्याच माणसांना बाहेर घातले होते, त्या खेळातही ऑगस्ट १९९५ मध्ये वेतनावरील बंदी उठविण्यात आली. जॉर्ज हॉटेलातील त्या सभेला शंभर वर्षे पुरी व्हावयास तेव्हा थोडेच दिवस उरले होते.

पुस्तक मिटले तेव्हा रात्रीचे अकरा वाजून गेले होते. माझ्यासमोर मात्र ती चौकोनी घडी घातलेली बनियन होती. मी त्या मुलाला तीन तासांच्या हिशेबाविषयी ऐकविले होते, परंतु ते तीन तास तो कोठे घालवितो, हे एकदाही विचारले नव्हते. माझी मायबोली कोंकणी. गोव्यात, डिचोलीजवळच्या आमच्या घरी मी धाकट्या भावावर ओरडू लागलो की आई एकच वाक्य म्हणे : “पयलीं विचार, मागीर उलय.” आधी विचारावे, मग बोलावे. घाट ओलांडून बेळगावला नोकरीस आलो तेव्हा मी सोबत पदवी आणली; हे वाक्य मात्र गावीच राहिले असावे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी वडगावात गेलो. शाहापूर, खासबाग, वडगाव हा बेळगावचा विणकरांचा भाग. गल्लीच्या तोंडाशी येताच यंत्रमागांचा खडखडाट सुरू होतो आणि बोलणाऱ्याला आवाज चढवावा लागतो. मुलाचे घर म्हणजे दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत दोन माग होते. एकावर वडील उभे होते. आई भिंतीशी बसून कांड्या भरीत होती. मला पाहताच वडिलांनी माग थांबविला, हात पुसले आणि खुर्ची पुढे केली.

“बसा की सर. पोरानं काही चुकीचं केलं काय?”

“नाही,” मी म्हणालो. “चूक माझी आहे. तो शनिवारी दुपारी का येत नाही, हे मी विचारलेच नाही.”

ते क्षणभर गप्प राहिले. मग त्यांनी साधेपणाने सांगितले. सूत सावकाराचे. मजुरी साडीच्या नगावर. शनिवारी संध्याकाळी माल पोहोचवावा लागतो, तेव्हाच आठवड्याचे पैसे हाती येतात. पूर्वी दुसऱ्या मागावर त्यांचा धाकटा भाऊ असे. तो कामासाठी पुण्याला गेला. शनिवारी दुपारी शेवटची साडी उतरून, घड्या घालून, गाठोडे बांधून द्यावयास एक माणूस कमी पडतो. तो माणूस म्हणजे हा मुलगा.

“शाळा बुडवू देत नाही मी त्याची,” ते म्हणाले. “पण शनिवारचे ते दोन तास नाही मिळाले तर माल सोमवारवर जातो, सर. मग बाजार कशानं करायचा?”

मी येताना मनाशी एक बेत करून आलो होतो. शाळेच्या क्रीडानिधीतून, नाहीतर माझ्या पदरचे, शनिवारपुरते काही पैसे द्यावेत. सहा शिलिंगांची कथा डोक्यात ताजी होती ना! मी अडखळत ते बोललो. त्यांचा चेहरा कठोर झाला नाही. परंतु त्यांनी मान हलविली.

“पैसे नकोत, सर. तुम्ही वेळ बदला. पोरगं पहाटे पाचलाच उठतंय.”

मला एकाएकी कळले की इतका साधा उपाय माझ्या वहीत कधीच आला नव्हता, कारण वहीत फक्त हजर आणि गैरहजर असे दोनच रकाने होते. दाराशी मुलगा उभा होता. त्याच्याकडे पाहून मी म्हणालो, “बाळ, मी तुला सर्वांसमोर बोललो. ते बरोबर नव्हते. उद्या सर्वांसमोरच तसे सांगेन.” त्याने मान वर केली. “असू दे, सर,” एवढेच म्हणाला. त्याच्या बोटांना सुताचा रंग लागलेला होता. घड्या घालण्याची सवय त्या हातांना कोठून लागली, ते मला तेव्हा उमगले.

२९ ऑगस्टचे भाषण मी केले. ध्यानचंदांविषयी बोललो, ते १९२२ साली शिपाई म्हणून सैन्यात दाखल झाले आणि तेथेच त्यांचा खेळ बहरला, हे सांगितले. हाती हॉकीची काठी असताना त्यांची शिपायाची नोकरी चालूच होती, हेही सांगितले. असामान्य गुणालाही पोटाची निश्चिंती लागते. आणि ती नसेल तर किती ध्यानचंद शनिवारी दुपारी कोठल्या कामावर उभे असतील, कोणास ठाऊक. नंतर मी मॅनिंगहॅमची गोष्ट सांगितली, आणि शेवटी माझी. मुलांसमोर चूक कबूल करणे मला वाटले होते तितके कठीण गेले नाही. कठीण गेले ते खाली बसल्यावर झालेल्या टाळ्या ऐकणे. कारण तालुका स्पर्धा होऊन गेली होती, आणि ती त्या मुलाला मी परत देऊ शकत नव्हतो.

तेव्हापासून आमचा सराव सकाळी सहा वाजता होतो. बारापैकी बाराजण येतात. तेरावा मी, माझीच हजेरी अधूनमधून चुकते, आणि मुले ती मोठ्या आनंदाने मांडून ठेवतात! वहीत मी एक तिसरा रकाना आखला आहे. त्याचे शीर्षक ‘कारण’. तो भरण्यासाठी विचारावे लागते, आणि विचारण्यासाठी कधीकधी घरापर्यंत जावे लागते.

खेळ ही साधना आहे, हे माझे वाक्य मी अजूनही खोटे मानीत नाही. परंतु साधनेला बसण्यापूर्वी कोणाची चूल पेटली आहे आणि कोणाची पेटावयाची आहे, हे पाहणे साधकाचे नसले तरी गुरूचे काम आहे. रेव्हरंड मार्शल यांचे खेळावरील प्रेम माझ्याहून किती तरी मोठे होते. मजुरीच्या प्रश्नाचे उत्तर मात्र त्यांनी नियमांत शोधले. मीही तेच केले होते.

यंदा तो मुलगा दहावीत आहे आणि संघाचा कप्तान आहे. या वर्षीच्या पहिल्या सरावाला मी त्याची बनियन त्याला परत दिली. त्याने ती घातली. घडीच्या खुणा तिच्यावर तशाच होत्या. मग तो उजव्या कोपऱ्यात जाऊन उभा राहिला, आणि मी शिटी वाजविली.